ऑलिव्हर वेंडेल होम्स आणि सूतिकाज्वराचा वाद

१

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन वाङ्मयाच्या इतिहासात ऑलिव्हर वेंडेल होम्स (१८०९–१८९४) यांची नोंद कवी, खुसखुशीत निबंधांचे लेखक आणि बॉस्टनच्या विद्वन्मंडळाचे भूषण अशी केलेली आढळते. कायद्याचे अभ्यासक त्यांना ओळखतात ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होम्स यांचे वडील म्हणून. पितापुत्रांचे नाव एकच असल्यामुळे पुष्कळदा दोघांची गल्लतही होते. परंतु थोरल्या होम्स यांचा व्यवसाय वैद्यकाचा होता. त्यांनी पस्तीस वर्षे हार्वर्ड येथे शरीररचनाशास्त्र शिकविले. त्यांच्या विपुल लेखनातून प्रत्यक्ष मनुष्यजीव वाचविण्याच्या कामी आलेला एकच लेख निवडावयाचा झाला, तर तो त्यांच्या कवितांत किंवा कादंबऱ्यांत सापडणार नाही. १८४३ साली एका अल्पायुषी वैद्यकीय त्रैमासिकात प्रसिद्ध झालेला सूतिकाज्वराच्या सांसर्गिकतेवरील प्रबंध, हाच तो लेख होय.

या प्रबंधाचा परिचय करून देताना ‘होम्स यांनी सेमेलवाइस यांच्या आधी चार वर्षे तीच गोष्ट सांगितली’ एवढ्यावर सामान्यतः भागविले जाते. अग्रक्रमाचा हा हिशेब चुकीचा नाही. पण त्यामुळे प्रबंधाचे खरे वैशिष्ट्य झाकले जाते. संसर्गाची कल्पना होम्स यांच्या पूर्वी अर्धशतकाइतक्या आधी मांडली गेली होती. होम्स यांनी नवे केले ते असे, की जी घटना तोवर दैवाच्या खाती जमा होत होती ती त्यांनी माणसाच्या खाती मांडली. अज्ञानात घडलेले कृत्य आणि कळल्यावर घडलेले तेच कृत्य यांत त्यांनी नैतिक भेद केला व तो भेद वैद्यकीय नियमाच्या भाषेत उतरविला. त्यांच्या जीवनाचे इतर पैलू या एका प्रश्नाच्या प्रकाशात पाहिले असता अधिक स्पष्ट होतात. त्यांच्या मर्यादाही त्याच प्रकाशात दिसतात.

२

होम्स यांचा जन्म २९ ऑगस्ट १८०९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज या गावी झाला. वडील एबायल होम्स हे तेथील चर्चचे धर्मोपदेशक आणि अमेरिकेच्या इतिहासाचे साक्षेपी संकलक होते. घरातील धर्म कॅल्व्हिनच्या परंपरेतला होता. मनुष्य जन्मतःच पापी आहे, आदिपुरुषाच्या अपराधाचा वारसा प्रत्येक अर्भकाला मिळतो, अशी त्या पंथाची शिकवण. होम्स यांच्या मनाने ती कधीच स्वीकारली नाही. जे कृत्य आपण केले नाही, त्याची जबाबदारी कोणावर लादता येईल काय, हा प्रश्न त्यांच्या मनात लहानपणापासून रुजला आणि पुढे वेगवेगळ्या रूपांनी त्यांच्या लेखनात प्रकट होत राहिला.

१८२९ साली हार्वर्डची पदवी घेतल्यावर त्यांनी एक वर्ष कायद्याचा अभ्यास केला. त्याच सुमारास, १८३० साली, ‘कॉन्स्टिट्यूशन’ ही जुनी युद्धनौका मोडीत निघणार अशी वार्ता आली असता त्यांनी लिहिलेली कविता देशभर गाजली व ती नौका वाचली. एकवीस वर्षांच्या तरुणाला शब्दांच्या सामर्थ्याचा असा अनुभव क्वचितच येतो. तथापि कायद्यात त्यांचे मन रमले नाही. ते वैद्यकाकडे वळले आणि १८३३ साली शिक्षणासाठी पॅरिसला गेले.

त्या काळी पॅरिस ही युरोपीय वैद्यकाची राजधानी होती. तेथील मोठमोठ्या रुग्णालयांत शेकडो रोगी एका वेळी पाहावयास मिळत, आणि रोग्याच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन करून निदानाचा पडताळा घेता येई. होम्स यांच्यावर विशेष प्रभाव पडला तो ला पित्ये रुग्णालयातील प्येर लुई यांचा. लुई यांची पद्धत ‘संख्यात्मक पद्धत’ म्हणून प्रसिद्ध आहे. एखादा उपाय गुणकारी आहे की नाही हे थोरांच्या वचनांवरून ठरवू नये. समान अवस्थेतील रोग्यांची नोंद ठेवावी, त्यांची मोजदाद करावी आणि मग निष्कर्ष काढावा, असा त्यांचा आग्रह होता. रक्तमोक्षणासारख्या सर्वमान्य उपायावर त्यांनी हीच कसोटी लावली आणि त्याचे माहात्म्य बरेच कमी केले. जेथे वस्तुस्थिती मिळू शकते तेथे अधिकारवाणीवर विसंबावयाचे नाही, जेथे जाणणे शक्य आहे तेथे अंदाज करावयाचा नाही, हा धडा होम्स यांनी लुई यांच्याकडून घेतला. १८३५ च्या अखेरीस ते परतले. १८३६ साली त्यांना हार्वर्डची वैद्यकीय पदवी मिळाली व त्याच वर्षी त्यांचा पहिला कवितासंग्रहही निघाला. १८३८ ते १८४० या काळात डार्टमथ येथे अध्यापन केल्यावर, १८४० साली विवाह करून ते बॉस्टनमध्ये स्थिर झाले.

३

सूतिकाज्वर म्हणजे प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत येणारा घातक ताप. धडधाकट तरुण स्त्री सुखरूप बाळंत व्हावी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप चढावा, पोट फुगून असह्य वेदना व्हाव्यात आणि आठवड्याच्या आत घरात आईविना तान्हे मूल उरावे, हा क्रम युरोप-अमेरिकेतील वैद्यांच्या चांगल्या परिचयाचा होता. कारणाविषयी मात्र एकमत नव्हते. कोणी दूषित हवेला दोष देत, कोणी अडलेल्या स्रावांना, कोणी बाळंतिणीच्या मनःस्थितीला. या सर्व उपपत्तींत एक गोष्ट समान होती. रोगाचे मूळ एक तर स्त्रीच्या शरीरात होते, नाही तर वातावरणात. तिच्या उशाशी बसलेल्या वैद्याकडे कोणाचीच दृष्टी वळत नव्हती.

याला मोठा अपवाद स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनचे अलेक्झांडर गॉर्डन यांचा. त्यांच्या गावी १७८९ ते १७९२ या काळात या तापाची साथ चालू होती. गॉर्डन यांनी ७७ रुग्णस्त्रियांचे कोष्टक तयार केले आणि प्रत्येकीच्या नावापुढे तिची प्रसूती कोणी केली ते नोंदविले. ठराविक वैद्य व ठराविक सुइणी यांच्याच हाताखालील स्त्रिया आजारी पडत होत्या, हे त्यातून उघड झाले. १७९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी, आपण स्वतः पुष्कळ स्त्रियांपर्यंत हा रोग पोहोचविण्यास कारण झालो, असे स्पष्टपणे मान्य केले. या प्रामाणिकपणाचे फळ लोकक्षोभाच्या रूपाने मिळाले. सुइणींची नावे छापल्यामुळे गाव त्यांच्यावर उलटला, त्यांना अ‍ॅबर्डीन सोडावे लागले आणि १७९९ साली त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा ग्रंथ ग्रंथालयांत राहिला; त्यातील निष्कर्ष अध्यापनात उतरला नाही.

होम्स या विषयाकडे वळले ते एका बैठकीतील चर्चेमुळे. बॉस्टनमधील वैद्यकीय सुधारणा मंडळापुढे १८४२ साली एक हकीकत निवेदन करण्यात आली. सूतिकाज्वराने मरण पावलेल्या एका स्त्रीचे शवविच्छेदन एका वैद्याने केले. त्या वेळी झालेल्या जखमेमुळे आठवड्याच्या आत तो स्वतः मृत्यू पावला. आणि मधल्या दिवसांत त्याने ज्या स्त्रियांची बाळंतपणे केली त्या सर्वांना तोच ताप आला, असे सांगण्यात आले. मंडळात प्रश्न उपस्थित झाला, की हा रोग सांसर्गिक आहे काय? होम्स यांचा स्वतःचा प्रसूतिव्यवसाय मोठा नव्हता. परंतु त्यांच्यापाशी पॅरिसची शिस्त होती आणि ग्रंथालय होते. त्यांनी उपलब्ध लेखन धुंडाळले, ओळखीच्या वैद्यांकडून हकीकती मागविल्या आणि १३ फेब्रुवारी १८४३ रोजी मंडळापुढे आपला प्रबंध वाचला.

४

प्रबंधाची मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. संसर्ग कोणत्या द्रव्याने होतो, ते द्रव्य शरीरात कसे शिरते, या प्रश्नांत होम्स शिरतच नाहीत. सूक्ष्मजंतूंचे ज्ञान तेव्हा नव्हते आणि नसलेल्या ज्ञानाची जागा तर्काने भरून काढण्याचा मोह त्यांनी टाळला. त्यांचे प्रतिपादन मर्यादित होते. हा रोग वैद्य व परिचारिका यांच्यामार्फत एका रुग्णस्त्रीपासून दुसरीपर्यंत पोहोचतो, एवढेच त्यांना सिद्ध करावयाचे होते. प्रत्येक संसर्ग रोगात परिणत होतोच असे नाही, हे त्यांनी आरंभीच मान्य केले. त्यामुळे ‘अमुक वैद्याच्या अमुक रुग्णस्त्रीला काही झाले नाही’ हा आक्षेप निष्प्रभ झाला.

पुराव्यात त्यांनी उद्धृत केलेले मँचेस्टरमधील उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेथील जॉन रॉबर्टन यांनी नोंदविल्याप्रमाणे ४ डिसेंबर १८३० पासूनच्या एका महिन्यात एका धर्मादाय संस्थेच्या एका सुइणीने ३० स्त्रियांची बाळंतपणे केली. त्यांपैकी १६ जणींना सूतिकाज्वर झाला आणि त्या सोळाही दगावल्या. त्या संस्थेच्या सुइणी एकूण २५ होत्या व त्यांच्या हातून महिन्याकाठी सुमारे ३८० प्रसूती होत. शहर तेच, हवा तीच, ऋतू तोच, रुग्णस्त्रियांचा सामाजिक स्तरही तोच. परंतु इतर सुइणींकडील एकाही स्त्रीला हा ताप आला नाही. दूषित हवेची उपपत्ती या आकड्यांपुढे टिकत नाही. हवा सुईण निवडून तिच्या मागोमाग घरोघर हिंडते असे म्हणण्याची पाळी येते.

अशा हकीकतींची एकामागून एक साखळी जोडल्यावर होम्स आठ नियमांकडे येतात. प्रसूती करणाऱ्या वैद्याने सूतिकाज्वराच्या शवविच्छेदनात सक्रिय भाग घेऊ नये. केवळ उपस्थित राहिल्यास पूर्ण स्नान करावे, अंगावरील सर्व वस्त्रे बदलावीत आणि निदान चोवीस तास जाऊ द्यावेत. धावऱ्याच्या रोग्यांबाबतही तशीच खबरदारी घ्यावी. एक रुग्णस्त्री आढळली तर पुढील बाळंतिणीस धोका आहे असे समजून वागावे. थोड्या अवधीत दोन आढळल्या तर निदान एक महिना प्रसूतीची कामे सोडून द्यावीत. एकाच वैद्याकडे तीन किंवा अधिक परस्परसंबद्ध रुग्णस्त्रिया आढळल्या, आणि शेजारी इतरत्र रोग नसला, तर तो वैद्यच रोगाचा वाहक आहे असे प्रथमदर्शनी मानावे. परिचारिकांमार्फत रोग पोहोचू न देण्याची जबाबदारीही वैद्याचीच.

यांत ‘प्रथमदर्शनी पुरावा’ ही संज्ञा कायद्याच्या परिभाषेतील आहे, आणि ती सहज आलेली नाही. कायद्याच्या अभ्यासात घालविलेले ते एक वर्ष येथे उपयोगी पडले. सिद्धतेचा भार कोणावर, हा प्रश्न होम्स यांनी उलटा करून टाकला. तोवर वैद्य दोषी असल्याचे इतरांनी सिद्ध करावयाचे होते. तीन मृत्यूंनंतर आता आपण वाहक नाही हे वैद्यानेच दाखवावयाचे होते.

आठव्या नियमात होम्स असे सांगतात, की आजवर अजाणतेपणी ज्यांच्या हातून एवढा अनर्थ घडला त्यांना क्षमा करता येईल. परंतु यापुढे एकाच वैद्याच्या रुग्णस्त्रियांत अशी साथ उद्भवली तर तिला दुर्दैव म्हणून चालणार नाही, तिला अपराध म्हणावे लागेल. शास्त्रीय प्रबंधाच्या शेवटी ‘अपराध’ हा शब्द येणे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. गॉर्डन यांनी माणसांची नावे छापली व गावाचा रोष ओढवून घेतला. होम्स यांनी व्यक्तींना बाजूला ठेवून कृत्याचेच नाव बदलले. यातच त्यांच्या बालपणातील प्रश्नाचे उत्तरही आहे. आदिपुरुषाच्या पापासाठी अर्भकाला दोषी धरणारे शास्त्र त्यांनी नाकारले होते. पण जबाबदारीची कल्पनाच त्यांनी नाकारली नव्हती. ज्ञानापूर्वी दोष नाही, ज्ञानानंतर सुटका नाही, असा त्यांचा निवाडा होता.

५

ज्या त्रैमासिकात हा प्रबंध छापला गेला ते वर्षभरात बंद पडले. वाचक थोडे असल्यामुळे प्रारंभी विरोधही थोडा झाला. खरा वाद पेटला तो दहा वर्षांनी, फिलाडेल्फियात. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक ह्यू हॉज यांनी १८५२ साली विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देऊन हा रोग सांसर्गिक नाही असे प्रतिपादन केले. १८५४ साली जेफर्सन वैद्यकीय महाविद्यालयातील चार्ल्स मीग्ज यांनी आपल्या ग्रंथात तोच पक्ष अधिक तीव्रपणे मांडला. आपल्या विषयात दोघांचाही अधिकार मोठा होता. अमेरिकेतील असंख्य तरुण वैद्य त्यांच्या वर्गांतून बाहेर पडत होते.

विरोधाचे स्वरूप तपासले असता त्यात पुराव्याचे खंडन फारसे आढळत नाही. हॉज यांचा भर विद्यार्थ्यांच्या मनःशांतीवर होता. आपण रुग्णस्त्रीच्या मृत्यूचे साधन होऊ शकतो ही भयंकर कल्पना त्यांनी मनातून काढून टाकावी असे त्यांना वाटत होते. मीग्ज यांनी हे मृत्यू योगायोगावर किंवा ईश्वरेच्छेवर सोपविणे पसंत केले, कारण ज्या संसर्गाची स्पष्ट कल्पनाच करता येत नाही त्यापेक्षा ते त्यांना अधिक बुद्धिग्राह्य वाटत होते. वैद्य हा सभ्य गृहस्थ असतो आणि सभ्य गृहस्थाचे हात स्वच्छ असतात, हाही त्यांच्या युक्तिवादाचा भाग होता. येथे ‘स्वच्छ’ हा शब्द एकाच वेळी शरीर, शील आणि सामाजिक प्रतिष्ठा या तिन्हींसाठी वापरला जात आहे हे ध्यानात घेतले पाहिजे. हातावर काही लागले आहे असे म्हणणे म्हणजे कुळाला बट्टा लावणे ठरत होते. वादाची खरी गाठ या अर्थसंकरात होती. ती आकड्यांनी सुटणारी नव्हती.

होम्स यांनी १८५५ साली मूळ प्रबंध जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा छापला आणि त्याला दीर्घ प्रस्तावना जोडली. ग्रंथाचे नाव मात्र बदलले. पूर्वीच्या नावातील ‘सांसर्गिकता’ हा निःपक्ष शब्द दुय्यम झाला आणि ‘खाजगी महामारी’ अशी संज्ञा शीर्षकात आली. महामारी ही व्याख्येनेच सार्वजनिक असते. ती गावावर येते, प्रांतावर येते. एका माणसाच्या व्यवसायापुरती, त्याच्याच रोग्यांपुरती मर्यादित महामारी हा वदतोव्याघात आहे, आणि तोच वाचकाला थांबवून विचार करावयास लावतो. शिवाय वैद्याच्या ‘खाजगी’ व्यवसायाकडे त्यातून बोट दाखविले जाते ते वेगळेच.

प्रस्तावनेत होम्स यांनी वैयक्तिक भांडण कटाक्षाने टाळले. नवजात अर्भकाला छातीशी धरून पडलेल्या मातेच्या अंथरुणाशी दोन वैद्यांनी मानापमानाचा वाद घालावा हे त्यांना असभ्यपणाचे वाटले. त्यांनी विद्यार्थ्यांनाच उद्देशून लिहिले आणि विचारले ते एवढेच, की संशयाचा फायदा कोणाला द्यावयाचा? संसर्ग खोटा ठरला तर वैद्याची थोडी गैरसोय झाली असे होईल. तो खरा ठरला आणि खबरदारी घेतली नाही, तर स्त्रिया मरतील. दोन्ही पारड्यांत काय आहे हे एकदा मांडल्यावर निर्णयास फारसा वेळ लागू नये.

दरम्यान व्हिएन्ना येथे इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घालून दिला होता. तेथील पहिल्या प्रसूतिकक्षात १८४६ साली ४,०१० प्रसूतींमागे ४५९ मृत्यू, म्हणजे शेकडा ११.४, असे प्रमाण होते. १८४८ साली ३,५५६ प्रसूतींमागे ४५, म्हणजे शेकडा १.२७ एवढेच मृत्यू झाले. होम्स यांच्यापाशी असा प्रयोग नव्हता, आणि या दृष्टीने सेमेलवाइस यांचे श्रेय मोठे आहे. परंतु सेमेलवाइस यांनी आपला ग्रंथ १८६१ पर्यंत लिहिला नाही, आणि लिहिला तेव्हा त्यातील कडवटपणाने वाचक दुरावले. १८६५ साली मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला. होम्स यांच्यापाशी प्रयोगाऐवजी लेखणी होती. ग्रंथालयात साचलेली अर्धशतकाची साक्ष एकत्र करून ती न्यायालयात उभी करावी तशी उभी करणे हे त्यांचे कार्य होते.

६

शब्दांविषयीची हीच जाण १८४६ साली एका वेगळ्या प्रसंगी दिसून आली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून रोग्याला निश्चेष्ट केले आणि शल्यवैद्य जॉन वॉरेन यांनी त्याच्या मानेवरील गाठ वेदनेवाचून काढली. मॉर्टन यांनी आपल्या द्रव्याला ‘लेथिऑन’ असे व्यापारी नाव दिले होते. ग्रीक पुराणातील विस्मृतीची नदी लेथी हिच्यावरून ते घेतलेले होते. २१ नोव्हेंबर रोजी होम्स यांनी मॉर्टन यांना पत्र लिहून त्या अवस्थेसाठी ‘अ‍ॅनस्थीशिया’ आणि विशेषणासाठी ‘अ‍ॅनस्थेटिक’ ही नावे सुचविली. सर्व सुसंस्कृत राष्ट्रांच्या जिभेवर जाणारा हा शब्द आहे, तेव्हा तो कायम करण्यापूर्वी एखाद्या विद्वानाचा सल्ला घ्यावा, असेही त्यांनी सुचविले.

होम्स यांनी हा शब्द घडविला असे अनेकदा म्हटले जाते, ते तंतोतंत खरे नाही. ग्रीक भाषेत तो प्राचीन होता आणि अठराव्या शतकातील इंग्रजी कोशातही ‘संवेदनेचा अभाव’ या अर्थाने आला होता. व्याधीच्या लक्षणाचे नाव त्यांनी उपचाराला दिले; अर्थाचा हा पालट होम्स यांचा. मराठीतील शब्दांशी याची तुलना उद्बोधक आहे. मराठीने यासाठी ‘भूल’ हा घरगुती शब्द योजला. विस्मृती आणि मोह या त्याच्या जुन्या अर्थच्छटांमुळे तो मॉर्टन यांच्या लेथी नदीच्या अधिक जवळ जातो. उलट ‘बधिरीकरण’, ‘संवेदनाहरण’ हे शास्त्रीय प्रतिशब्द होम्स यांच्या वाटेने गेले आहेत. रोग्याला काय वाटते यावरून एक नाव पडले, शरीरात काय घडते यावरून दुसरे; मराठीत दोन्ही नांदत आहेत.

७

१८४७ साली होम्स हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत शरीररचना व शरीरक्रिया या विषयांचे प्राध्यापक झाले आणि १८५३ पर्यंत तिचे अधिष्ठाताही होते. दिवसभराच्या व्याख्यानांनी थकलेल्या विद्यार्थ्यांपुढे दुपारी एक वाजता शेवटचा तास घेण्याचे काम त्यांच्याकडे असे, कारण त्या वेळी वर्ग जागा ठेवण्याचे सामर्थ्य त्यांच्या वाणीतच होते.

याच अधिष्ठातेपणाच्या काळात १८५० साली एक प्रसंग घडला. त्या वर्षी तीन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत प्रवेश मिळाला. मार्टिन डिलेनी हे त्यांपैकी एक; दुसरे दोघे डॅनियल लेंग व आयझॅक स्नोडेन. तसेच हॅरियट हंट या बॉस्टनमध्ये अनेक वर्षे रोगी तपासत असलेल्या स्त्रीला व्याख्यानांस बसण्याची अनुज्ञा मिळाली. विद्यार्थ्यांच्या एका गटाने सभा भरवून निषेधाचे ठराव केले. कृष्णवर्णीय सहाध्यायांच्या बाजूनेही काही विद्यार्थ्यांनी अर्ज केला होता. तरी अध्यापकमंडळ नमले. हंट यांना माघार घ्यावयास लावण्यात आले आणि त्या तिघांना चालू सत्र संपल्यावर परत न येण्यास सांगण्यात आले. प्रवेश देण्यात होम्स यांचा हात होता. दार पुन्हा बंद झाले तेव्हाही अधिष्ठाता तेच होते.

होम्स यांना लावावयाची कसोटी येथे बाहेरून आणण्याची गरज नाही. प्रतिष्ठित वर्गाची सोय आणि दुर्बलाची हानी यांत निवड करावयाची झाल्यास काय करावे, हे त्यांनी १८४३ साली सांगितलेच होते. तिघे विद्यार्थी पात्र होते हे अध्यापकमंडळाला ठाऊक होते; म्हणजे येथे अज्ञानाची सबब नव्हती. ज्या व्यवसायाच्या अहंतेवर त्यांनी लेखणीने घाव घातला, त्याच अहंतेपुढे ते अधिकारी म्हणून उभे राहू शकले नाहीत.

या संदर्भात त्यांनी प्रचारात आणलेल्या आणखी एका संज्ञेचा विचार करणे आवश्यक आहे. जानेवारी १८६० मध्ये ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात त्यांच्या कादंबरीचे पहिले प्रकरण आले. मासिकाचे ते नावही होम्स यांनीच सुचविलेले होते. ‘न्यू इंग्लंडची ब्राह्मण जात’ असे प्रकरणाचे शीर्षक होते. संपत्ती नसली तरी पिढ्यान्‌पिढ्या विद्येचे संस्कार असलेली घराणी त्यांना अभिप्रेत होती, आणि शब्दयोजनेत थोडा विनोदही होता. पण या शब्दांचा प्रवास पाहण्याजोगा आहे. पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगीजांनी येथील जातिव्यवस्थेला आपल्या भाषेतील ‘कास्ता’ हा शब्द लावला. तो इंग्रजीत गेला. आणि तीनशे वर्षांनी ‘ब्राह्मण’ या संस्कृत शब्दाच्या जोडीने बॉस्टनमधील एका वर्गाचे नाव बनला. विद्येचा वारसा जन्माने मिळतो हा होम्स यांचा विनोदी सिद्धांत आणि १८५० सालचे बंद दार यांचा संबंध त्यांनी स्वतः कधी जोडला नाही. शब्दाने तो जोडून ठेवला आहे. भारतीय वाचकाला ही संज्ञा केवळ विनोद म्हणून वाचता येत नाही.

तीच कादंबरी १८६१ साली ‘एल्सी व्हेनर’ या नावाने ग्रंथरूपाने निघाली. गर्भवती मातेला सर्पदंश झाल्यामुळे मुलीच्या स्वभावात विष उतरते. मग त्या मुलीला तिच्या वागणुकीबद्दल दोषी धरावे काय, असा तिचा विषय आहे. न केलेल्या पापाच्या जबाबदारीचा जुनाच प्रश्न येथे कथेच्या रूपाने परत आला आहे.

८

होम्स यांना दीर्घायुष्य लाभले आणि आपल्या प्रबंधाचे समर्थन पाहण्याची संधीही मिळाली. १८६७ साली लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केली. १८७९ साली पॅरिसच्या वैद्यक अकादमीत सूतिकाज्वराच्या कारणांविषयी चर्चा चालू असता पाश्चर यांनी साखळीसारखे दिसणारे जंतू फळ्यावर काढून दाखविले. त्यामुळे ज्या संसर्गाची कल्पना करता येत नाही असे मीग्ज म्हणत होते त्याला आता आकार मिळाला. १८८२ साली होम्स अध्यापनातून निवृत्त झाले, १८८३ साली त्यांचे वैद्यकीय निबंध एकत्र प्रसिद्ध झाले आणि ७ ऑक्टोबर १८९४ रोजी बॉस्टन येथे त्यांचे निधन झाले. तथापि सिद्धांत मान्य होणे आणि बाळंतिणी वाचणे यांत पुष्कळ अंतर राहिले. १९३६ च्या सुमारास सल्फा औषधांचा उपयोग सुरू होईपर्यंत हा ताप पाश्चात्त्य देशांतही बळी घेत होता.

होम्स यांनी रोगाचे मूळ शोधून काढले नाही, उपचार शोधला नाही आणि आपल्या मताचा स्वीकार व्हावा म्हणून संघटित प्रयत्नही केले नाहीत. दोनदा लिहून ते थांबले. एखाद्या प्रसूतिगृहाची सूत्रे त्यांच्या हाती असती तर कदाचित सेमेलवाइस यांच्याप्रमाणे आकड्यांनी उत्तर देता आले असते. हे सर्व मान्य केल्यावरही, वैद्याचा हात हा पुराव्याचा विषय आहे, तो प्रतिष्ठेचा विषय नाही, ही गोष्ट इंग्रजी वैद्यकीय वाङ्मयात इतक्या स्पष्टपणे त्यांनीच प्रथम मांडली, हे त्यांचे श्रेय अबाधित राहते.

१८५० साली हार्वर्डने हॅरियट हंट यांना परत पाठविले, त्याच वर्षी फिलाडेल्फियात स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हॉज आणि मीग्ज ज्या शहरात शिकवीत होते तेच हे शहर. होम्स यांचे वैद्यकीय निबंध ज्या वर्षी एकत्र निघाले त्या १८८३ साली आनंदीबाई जोशी या महाविद्यालयात दाखल झाल्या. पहिले अपत्य दहा दिवसांत गमावलेल्या या स्त्रीने पदवीच्या प्रबंधासाठी प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला, आणि ११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली. पुढे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने पुण्यात तिचा अंत झाला. होम्स यांच्या प्रबंधात स्त्री येते ती अंथरुणावरील रुग्ण म्हणून किंवा रोग वाहून नेणारी सुईण म्हणून. वैद्य म्हणून ती त्यात कोठेही नाही. हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९४५ साली, होम्स यांनी आपला प्रबंध वाचल्यानंतर १०२ वर्षांनी.